मोठी खरेदी, पतमर्यादा आणि खरेदीचे संरक्षण: क्रेडिट कार्ड व्यवहारांचा आढावा

क्रेडिट कार्डावर केलेल्या मोठ्या खरेदीसंबंधी दोन प्रश्न उद्भवतात. कार्डावर किती रकमेपर्यंत उधार मिळू शकते, हा पहिला. आणि त्या उधारीवर घेतलेली वस्तू सदोष निघाली, घरी पोहोचलीच नाही किंवा विक्रेत्याने मध्येच दुकान गुंडाळले तर त्या रकमेचे काय होते, हा दुसरा. पहिला प्रश्न पतमर्यादेचा, म्हणजे बँकेने कार्डधारकाला मंजूर केलेल्या कमाल उधारीचा आहे. दुसरा खरेदीच्या संरक्षणाचा आहे. किराणा, औषधे, पेट्रोल अशा नित्याच्या खर्चात हे दोन्ही प्रश्न फारसे जाणवत नाहीत. लग्नसराईतील दागिने, परदेशी सहलीची आगाऊ रक्कम, लॅपटॉप, फ्रिज किंवा वाहनाची नोंदणी अशा खरेदीत मात्र ते एकाच वेळी समोर येतात, कारण तेथे मर्यादेचा मोठा भाग एका व्यवहारात गुंततो आणि त्या व्यवहारात झालेली चूक कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीवर बेतते. ज्या बँकेने मोठी मर्यादा दिली ती तितक्याच ताकदीने खरेदीच्या पाठीशी उभी राहील, असा समज अनेकांच्या मनात असतो. तो कितपत खरा आहे, याची तपासणी हा या आढाव्याचा विषय आहे.

मर्यादेची घडण

न्यूयॉर्कमध्ये १९५० साली सुरू झालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डावर दरमहा संपूर्ण बिल चुकते करावे लागे, त्यामुळे आजच्या अर्थाने पतमर्यादेची कल्पना तेथे दुय्यम होती. बँक ऑफ अमेरिकाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात आणलेल्या कार्डाने फिरत्या उधारीची पद्धत रुळवली. या पद्धतीत बिलाचा काही भाग भरून उरलेली रक्कम व्याजासह पुढे नेता येते. कर्ज पुढे नेण्याची मुभा मिळताच त्याला वरची सीमा असणे अपरिहार्य झाले. भारतात मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले कार्ड आणले, आणि पुढे खासगी व परदेशी बँकांनी ही बाजारपेठ विस्तारली.

आज मर्यादा ठरवताना बँक अर्जदाराचे उत्पन्न, नोकरीचे स्वरूप, आधीची कर्जे आणि परतफेडीचा इतिहास पाहते. हा इतिहास पतमाहिती कंपन्यांकडे साठवलेला असतो आणि त्याचे सार ३०० ते ९०० या मापातील गुणांकात व्यक्त होते. लोकव्यवहारात त्याला सिबिल स्कोअर म्हणतात. मंजूर मर्यादेपैकी किती भाग वापरला जातो, हे प्रमाणही या गुणांकावर परिणाम करते. दोन लाखांची मर्यादा असलेल्या व्यक्तीने दीड लाखाची खरेदी केली की वापराचे प्रमाण ७५ टक्क्यांवर जाते. बिल वेळेवर पूर्ण भरले तरी त्या काळात पतमाहिती कंपनीला कळवलेली थकबाकी मोठी दिसते, आणि त्याच सुमारास गृहकर्जाचा अर्ज केलेला असल्यास त्याचा फटका बसू शकतो. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, हा या क्षेत्रात रूढ असलेला ठोकताळा आहे. तो कायदा नाही; परंतु मोठ्या खरेदीचा काळ ठरवताना तो ध्यानात घेणे शहाणपणाचे ठरते.

मर्यादेला बँकेच्या बाजूनेही किंमत असते. कार्डावरील कर्ज तारणाशिवाय दिलेले असल्याने रिझर्व्ह बँकेने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरील जोखीमभार १२५ वरून १५० टक्क्यांवर नेला. जोखीमभार म्हणजे एखाद्या प्रकारच्या कर्जासाठी किती स्वभांडवल राखून ठेवायचे हे ठरवणारे परिमाण. ते वाढले की तेवढेच कर्ज बँकेला महाग पडते आणि मर्यादा वाटताना हात आखडता घ्यावा लागतो. कार्डधारकाची स्वतःची परतफेड निर्दोष असूनही मर्यादा वाढत नाही किंवा घटते, तेव्हा त्यामागे अशी कारणेही असू शकतात.

मर्यादेवरील नियमन

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी जारी केलेल्या आणि त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या कार्डविषयक निदेशांनी या क्षेत्राला शिस्त लावली. मागितल्याशिवाय कार्ड देणे, तसेच कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढवणे या निदेशांनी निषिद्ध ठरवले; मर्यादा कमी केल्यास ते कार्डधारकाला कळवणे बंधनकारक केले; आणि मर्यादेपलीकडचा व्यवहार मंजूर करून त्यावर शुल्क लावण्यासाठीही आधी संमती घेतलेली असावी, असे घालून दिले. यापूर्वी जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने कार्डधारकाला दुकानातील, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांसाठी स्वतःच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरवण्याची व त्या हव्या तेव्हा बदलण्याची सोय बँकांकडून मागितली होती. बँकेने दिलेली मर्यादा आणि कार्डधारकाने स्वतःवर घातलेली मर्यादा अशा दोन सीमा त्यामुळे अस्तित्वात आल्या, आणि दुसरी सीमा हेच खरे तर सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. परदेशी व्यवहार एरवी बंद ठेवणे, ऑनलाइन खरेदीची सीमा नेहमीच्या खर्चाइतकीच राखणे आणि मोठ्या खरेदीच्या दिवशी ती तात्पुरती वाढवणे, एवढ्याने कार्डाचा तपशील चोरीला गेला तरी संभाव्य नुकसान आटोक्यात राहते.

मोठ्या खरेदीवर करकायद्याचेही लक्ष असते. दोन लाख रुपयांहून अधिक किमतीच्या खरेदीसाठी पॅन सांगावा लागतो. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे. आणि एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी रोखीव्यतिरिक्त अन्य मार्गाने दहा लाख किंवा अधिक रक्कम भरली गेल्यास बँक त्याची माहिती आयकर विभागाला देते. मित्रमंडळींची खरेदी स्वतःच्या कार्डावर करून त्यांच्याकडून रोख पैसे घेण्याची जी पद्धत कार्डावरील बक्षीस-गुणांच्या मोहाने अनेकजण अवलंबतात, ती या दृष्टीने अडचणीची ठरू शकते.

संरक्षणाचे तीन थर

खरेदीचे संरक्षण हा एक शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि बहुतेक गैरसमज तेथेच जन्म घेतात.

पहिला थर अनधिकृत व्यवहारापासूनचा, म्हणजे कार्डधारकाच्या संमतीवाचून दुसऱ्याने केलेल्या खर्चापासूनचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेच्या त्रुटीमुळे फसवणूक झाली असेल तर कार्डधारकावर कोणताही भार पडत नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा प्रसंगी तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास भार शून्य राहतो. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी तो जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डासाठी २५,००० रुपये असतो. सात कामकाजी दिवसांनंतर बँकेच्या धोरणानुसार निर्णय होतो. तक्रार आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादग्रस्त रक्कम तात्पुरती जमा करणे आणि नव्वद दिवसांत निकाल देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि ग्राहक जबाबदार असल्याचे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. ही तरतूद भक्कम आहे. मात्र ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याच्याच माथी येते.

दुसरा थर चार्जबॅकचा आहे. व्यवहार कार्डधारकाने स्वतःच केला, पण माल आला नाही, सदोष आला, सेवा मिळाली नाही, रक्कम दोनदा कापली गेली किंवा कबूल केलेला परतावा मिळाला नाही, अशा वेळी कार्ड देणारी बँक व्यापाऱ्याच्या बँकेकडून ती रक्कम मागे खेचते. या उलट्या वसुलीला चार्जबॅक म्हणतात. तिचे नियम व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या कार्ड-जाळ्यांनी ठरवलेले असतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत बहुतांश कारणांसाठी मुदत व्यवहाराच्या किंवा माल मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून १२० दिवसांची असते. व्यापारी पुरावा देऊन दावा फेटाळू शकतो, त्यावर पुन्हा प्रत्युत्तर देता येते आणि वाद मिटलाच नाही तर जाळ्याचा लवाद निर्णय देतो. या काळात कार्डधारकाला मिळालेली जमा तात्पुरती असते आणि निकाल विरुद्ध गेल्यास ती परत वजा होते. विक्रेता बुडाल्यास या थराचे मोल सर्वाधिक असते. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या प्रवाशांना अन्य धनकोंबरोबर परताव्याची वाट पाहणे भाग पडले. कार्डाने पैसे भरलेल्यांना मात्र सेवा न मिळाल्याच्या कारणावरून स्वतःच्या बँकेकडे दाद मागण्याचा वेगळा मार्ग उपलब्ध होता.

तिसरा थर विम्याचा आहे. काही वरच्या श्रेणीतील कार्डांवर खरेदी संरक्षण या नावाने जी सवलत जाहिरातीत झळकते, ती साधारण विमा कंपनीकडून घेतलेली समूह पॉलिसी असते. खरेदीनंतर ठरावीक दिवसांत वस्तू चोरीला गेली किंवा आगीने नष्ट झाली तर ठरावीक रकमेपर्यंत भरपाई मिळते. वस्तूचा दर्जा वाईट असणे किंवा विक्रेत्याने फसवणे हे या विम्याच्या कक्षेत येत नाही; दागिने, रोख, नाशवंत वस्तू अनेकदा वगळलेल्या असतात; आणि पोलिसांतील फिर्याद, मूळ पावती व मुदतीत दिलेली सूचना यांवाचून दावा टिकत नाही. ज्या दागिन्यांच्या खरेदीसाठी कार्डधारकाला या संरक्षणाची सर्वाधिक गरज भासते, त्यांनाच ते लागू नसण्याची शक्यता अधिक असते.

ब्रिटन आणि अमेरिकेचा अनुभव

या तिन्ही थरांपलीकडचा चौथा थर काही देशांत कायद्यानेच घातला आहे. ब्रिटनमध्ये लॉर्ड क्राउथर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७१ मध्ये ग्राहककर्जाचा सर्वंकष अहवाल दिला आणि त्यातून १९७४ चा ग्राहक पत कायदा आकाराला आला. त्याच्या कलम ७५ नुसार, ज्या वस्तूची किंवा सेवेची रोख किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत आहे, तिच्या विक्रीत खोटी माहिती दिली गेली किंवा करारभंग झाला, तर पतपुरवठादार विक्रेत्याइतकाच आणि विक्रेत्याच्या जोडीने जबाबदार ठरतो. निकष वस्तूच्या किमतीचा आहे, कार्डावर भरलेल्या रकमेचा नाही. त्यामुळे काही हजार पौंडांच्या सोफ्यासाठी केवळ शंभर पौंडांची आगाऊ रक्कम कार्डाने भरली तरी संपूर्ण किमतीवरील हक्क मिळतो. परदेशात केलेल्या खरेदीलाही हे कलम लागू होते, असा निर्वाळा हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ मध्ये दिला. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेथील बँकेचे कार्ड वापरताना हा हक्क जाणून घ्यावा. भारतीय बँकेच्या कार्डाने तेथे खरेदी केली तर तो आपोआप मिळतो, असे समजू नये.

अमेरिकेत अनधिकृत वापरातील कार्डधारकाचा भार १९७० मध्येच ५० डॉलरपुरता सीमित झाला होता; १९७४ च्या कायद्याने बिलातील चुकांविषयी साठ दिवसांत लेखी हरकत घेण्याचा हक्क दिला आणि सदोष मालाबाबत विक्रेत्याविरुद्धचे आक्षेप बँकेपुढे मांडण्याची मुभा दिली. परंतु ही मुभा तत्त्वतः ५० डॉलरहून मोठ्या आणि ग्राहकाच्याच राज्यात किंवा घरापासून शंभर मैलांच्या आत झालेल्या खरेदीपुरती, तसेच बिलातील अद्याप न भरलेल्या रकमेपुरतीच आहे. ब्रिटिश कायदा बँकेला विक्रेत्याची भागीदार मानतो, तर अमेरिकन कायदा ग्राहकाला देणे रोखून धरण्याची ढाल देतो. दोन्हींच्या मुळाशी एकच न्यायबुद्धी आहे: ज्या विक्रीतून पतपुरवठादार नफा कमावतो, त्या विक्रीच्या जोखमीतही त्याचा वाटा असावा.

भारतातील पोकळी

भारतात असे कलम नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा बँकिंगला सेवा मानतो, म्हणून चार्जबॅकची तक्रार दाबून ठेवणारी किंवा मुदत चुकवणारी बँक सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगापुढे खेचता येते. परंतु वॉशिंग मशीन सदोष निघाले म्हणून केवळ पैसे पुरवणाऱ्या बँकेला विक्रेत्याच्या बरोबरीने जबाबदार धरणारा स्पष्ट आधार त्यात सापडत नाही. चार्जबॅक हा बँका आणि कार्ड-जाळे यांच्यातील करार असल्याने ग्राहकाचे स्थान त्यात अर्जदाराचे असते, हक्कदाराचे नसते. २०२२ च्या निदेशांनी चुकीच्या बिलाविषयीच्या तक्रारीचे स्पष्टीकरण, आणि गरजेनुसार कागदोपत्री पुरावा, तीस दिवसांच्या आत देण्यास बँकांना सांगितले, तसेच फसवणूक म्हणून विवादित केलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावण्यास मनाई केली. या तरतुदी उपयुक्त असल्या तरी त्या कार्यपद्धतीच्या आहेत, दायित्वाच्या नाहीत.

ही पोकळी मासिक हप्त्यांच्या खरेदीत सर्वांत ठळकपणे दिसते. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूची मूळ रक्कम मर्यादेतून एकदम अडकते आणि हप्ता फिटेल तसतशी मोकळी होते. येथे विक्रीचा करार आणि कर्जाचा करार वेगळे मानले जातात. त्यामुळे वस्तू परत केली तरी हप्ते आपोआप थांबतील असे गृहीत धरता येत नाही, आणि तोवर भरलेले व्याज व प्रक्रिया शुल्क अनेकदा बुडते. विनाखर्च हप्ता या शब्दप्रयोगाचेही तसेच आहे. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज लपवले जाते, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बजावले होते, आणि २०२२ च्या निदेशांनी मुद्दल, व्याज व सवलत वेगवेगळी दाखवण्याची सक्ती केली. उदाहरणार्थ, १,२०,००० रुपयांची वस्तू बारा समान हप्त्यांत १०,००० रुपये दरमहा देऊन घेतली आणि बँकेचा व्याजदर वार्षिक १५ टक्के असला, तर प्रत्यक्षात सुमारे १,१०,८०० रुपयांचे कर्ज व सुमारे ९,२०० रुपयांचे व्याज अशी विभागणी होते. त्या व्याजावर १८ टक्के दराने सुमारे १,६५० रुपयांचा वस्तू व सेवा कर ग्राहकाला वेगळा भरावा लागतो. खर्च थोडा असला तरी तो शून्य नसतो.

बिल वेळेवर न भरल्यास तर संरक्षणाची सारी चर्चा फिकी पडते. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने दीड लाखाच्या थकबाकीवर एका महिन्याचे व्याज ५,२५० रुपये होते. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे या व्याजाला आयोगाने घातलेली सीमा उरलेली नाही, आणि किमान देय रक्कम भरून निर्धास्त राहणे हा मोठ्या खरेदीनंतरचा सर्वांत महाग निर्णय ठरतो.

उपलब्ध मार्गांचा सुयोग्य वापर

कायद्याची उणीव भरून निघेपर्यंत ग्राहकाच्या हाती पुरावा आणि वेळ ही दोनच साधने आहेत. पुरावा म्हणजे करबिल, माल पोहोचवण्याची लेखी तारीख, हमीपत्र, दागिन्यांच्या बाबतीत सहा अंकाक्षरी हॉलमार्क क्रमांक नोंदलेली पावती, आणि विक्रेत्याकडे केलेल्या तक्रारीचा ईमेल. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे. परंतु त्या आश्वासनावर विसंबून चार्जबॅकची मुदत उलटू देणे घातक ठरते. विक्रेत्याशी पत्रव्यवहार चालू असतानाच बँकेकडे विवादाची नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर असमाधानकारक असले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. विक्रेत्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत, व आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सायबर फसवणुकीत मात्र पहिल्या तासांचे मोल सर्वाधिक असते, म्हणून बँकेबरोबरच १९३० या क्रमांकावर लगेच कळवणे आवश्यक आहे.

डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड यांतील भेदही येथे महत्त्वाचा आहे. डेबिट कार्डावरील वादात स्वतःच्या खात्यातून गेलेले पैसे परत मागावे लागतात. क्रेडिट कार्डावर वाद उद्भवतो तेव्हा पैसे अद्याप बँकेचे असतात आणि ग्राहकाच्या घरखर्चाची शिल्लक शाबूत राहते. जी खरेदी महिन्याअखेर पूर्ण रकमेने फेडण्याची ऐपत आहे, तिच्यासाठी हा फरक क्रेडिट कार्डाच्या बाजूने जातो. ज्या खरेदीसाठी तेवढी ऐपत नाही, तिच्यासाठी मर्यादा शिल्लक असणे हे कारण पुरेसे नाही.

सारांश असा की भारतातील नियमनाने चोरापासून कार्डधारकाला पुष्कळ प्रमाणात वाचवले आहे. लबाड किंवा बुडालेल्या विक्रेत्यापासून त्याला वाचवण्याचे काम मात्र खासगी जाळ्यांच्या नियमांवर सोडले आहे. लाखोंच्या मर्यादा देऊन प्रत्येक व्यवहारातून शुल्क मिळवणाऱ्या बँकांवर, ठरावीक किमतीपुढील खरेदीत विक्रेत्याच्या जोडीने दायित्व टाकणारी तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात व्हावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. ब्रिटनमध्ये ती तरतूद १९७४ सालापासून कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि तिच्यामुळे तेथील कार्डव्यवसाय बंद पडलेला नाही.